गौरी गेल्या, बी राहिले



गौरी येऊन गेल्या. घरातला तेरडा विहिरीवर, ओढ्यावर पोचला. बांधावरच्या तेरड्याची फुलेही आता विरळ होऊ लागली आहेत. तेरडा संपला, असे आपण म्हणतो. मला मात्र वर्षातले हेच दिवस तेरड्याच्या बाबतीत सगळ्यांत मोलाचे वाटतात, कारण फुले गळाली तिथे, पानांच्या बगलेत, आता लवदार हिरवी बोंडे फुगू लागली आहेत. घरच्या बागेत रानातला तेरडा हवा असेल, तर त्याची तयारी जूनमध्ये नाही, आत्ता करायची.

माझे बालपण संगमेश्वराकडच्या एका वाडीत गेले. आमच्याकडे मुखवट्यांची गौर नव्हती, तेरड्याचीच गौर. मुळांसकट उपटलेल्या तेरड्याची जुडी बांधायची आणि वाजतगाजत घरी आणायची. आजी आम्हा पोरांना बजावायची, "सगळा उपटू नका रे, पुढच्या गौरीला ठेवा." तेव्हा हे देवाचे सांगणे वाटे. पुढे कळले की तेरडा एका पावसाळ्याचा सोबती. त्याला कंद नाही, वर्षानुवर्षे टिकणारे मूळ नाही. या वर्षीचा तेरडा आणि पुढच्या वर्षीचा तेरडा यांच्यामध्ये फक्त बी असते. आजी ते बीच राखत होती.

पुण्याला बिऱ्हाड केल्यावर मी गावाहून बी आणले आणि उतावीळपणे वैशाखातच पेरले. पाणी भरपूर घातले. रोपे उगवली, पण दुपारच्या झळांनी आठवड्यात करपली. दुसऱ्या वर्षी पावसात पेरले आणि ओल टिकावी म्हणून कुंडीखाली ताटली ठेवली. आता खोडे बुडाशी काळी, मऊ पडली आणि एकेक रोप आडवे झाले. ओल आवडणारे झाड पाण्याने कसे मेले, हे कोडे गावी गेल्यावर उलगडले. तेरडा उभा होता रस्त्याकडेच्या उतारावर, बांधाच्या कडेला, जांभ्याच्या गडग्याच्या फटीत. तिथे पाणी सारखे असते, पण थांबत नाही. तेरड्याचे खोड हातात धरून बघा: काचेसारखे, पाण्याने भरलेले, तंतू फारसे नाहीत. पाणी कमी पडले की तासाभरात मान टाकते, आणि मुळाशी पाणी तुंबले की कुजते.

म्हणून कुंडीची भोके मोकळी ठेवा, वर खापरीचा तुकडा ठेवा. बागेतली माती, कुजलेला पालापाचोळा आणि जाड रेती किंवा विटांचा चुरा, एवढे पुरते. खताचा मोह आवरा, नाहीतर पाने माजतात आणि फुले रुसतात. सकाळचे ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशी जागा उत्तम. मृगाचे दोन चांगले पाऊस होऊन माती आतपर्यंत थंड झाली की बी पसरा आणि वर चिमूटभर माती भुरभुरवा, खोल पुरू नका. आठवडाभरात दोन गोल, मांसल पाने वर येतात. रोपे वीतभर अंतरावर विरळ करा. पेरणीनंतर साधारण दोन महिन्यांनी पहिले फूल येते, म्हणजे गौरीच्या वेळेला झाड फुलात असते.

तेरड्याचा रंग तीन दिवस, असे आपण म्हणतो. एका फुलापुरते ते खरे आहे, पण झाडावर आठवडेच्या आठवडे नवी फुले येत राहतात. त्या थोड्या दिवसांत फूल केवढे काम उरकते! आधी परागकोशांची एक टोपी स्त्रीकेसरावर बसलेली असते. तिच्यातले पराग किडे घेऊन जातात, मग टोपी गळते आणि खालचा स्त्रीकेसर दुसऱ्या फुलाच्या परागासाठी मोकळा होतो. फुलामागच्या बारीक सोंडेत मध असतो. रोपवाटिकेत मिळणारा भरगच्च पाकळ्यांचा तेरडा दिसतो देखणा, पण मला हा साधा, एकेरी, गुलाबी तेरडाच हवा. पानांवर शेपटीला शिंग आणि अंगावर डोळ्यांसारखे ठिपके असलेली मोठी अळी दिसली, तर औषध मारू नका. तिचा पुढे चपळ, संध्याकाळी फुलांवर घिरट्या घालणारा पतंग होतो. चार पाने तिची.

आता बी. लिनियसने 1753 साली या झाडाला इम्पेशन्स बाल्समिना असे नाव दिले. लॅटिनमध्ये इम्पेशन्स म्हणजे अधीर. पिकलेल्या बोंडाला बोट लागले की त्याच्या पाच फाका झटक्यात आत वळतात आणि बी लांब उडते. हा जोर येतो कुठून? फाकांच्या पेशींत दाटून भरलेल्या पाण्यातून. ओलीवर जगणारे झाड बियासुद्धा ओलीच्याच ताकदीने फेकते. ते बी हाती लागावे म्हणून फुगलेल्या बोंडांवर मलमलीची पुरचुंडी सैल बांधा. तपकिरी बी जमले की सावलीत आठवडाभर वाळवा आणि कागदाच्या पुडीत ठेवा. प्लास्टिकमध्ये दमटपणा अडकून बुरशी धरते.

एक कळकळीची विनंती. बी शेजाऱ्याकडून घ्या, शेताच्या बांधावरून मालकाला विचारून घ्या, पण कासच्या पठारावरून आणू नका. 2012 साली पश्चिम घाट जागतिक वारसा यादीत गेला, त्यात कास आहे. तिथल्या जांभ्यावर मातीचा पातळ थर असतो आणि त्यातली बरीच फुले तेरड्यासारखीच एका पावसाळ्याची. तिथून उचललेल्या मूठभर बिया म्हणजे पुढच्या वर्षीचा तेवढा गालिचा.

आज संध्याकाळी फिरायला गेलात आणि बांधावर एखादे टपोरे, पिवळसर पडलेले बोंड दिसले, तर त्याला बोट लावण्याआधी भोवती मूठ मिटा. आत टचकन काहीतरी उसळेल. मग मूठ हळूच, कागदावर उघडा.