कोंबड्यांचा कॉलरा आणि त्यावरील लस

कोंबड्यांचा कॉलरा हा पाश्चुरेला मल्टोसिडा या जिवाणूमुळे होणारा सांसर्गिक रोग असून,
त्यात तुरा व गलोल निळसर पडतात, हिरवट हगवण लागते,
आणि कित्येकदा लक्षण दिसण्याआधीच धडधाकट पक्षी दगावतो.

या जिवाणूचे संवर्धन, म्हणजे पोषक रसात वाढवलेली पैदास,
बराच काळ हवेच्या संपर्कात राहिल्यास तिची मारकता ओसरते,
आणि ती टोचलेल्या कोंबड्या पुढे जहाल जिवाणूंनाही दाद देत नाहीत,
असे फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांनी १८८० मध्ये दाखवून दिले.
प्रयोगशाळेत दुर्बल केलेल्या जंतूंच्या लसीचा हा आरंभ कोंबडीपासून झाला,
ही गोष्ट प्रत्येक कुक्कुटपालकाने अभिमानाने सांगावी अशीच आहे.

आज मारलेल्या जिवाणूंची लसही वापरली जाते;
ती मानेच्या मागील बाजूस कातडीखाली टोचतात,
आणि काही आठवड्यांनी वर्धक मात्रा, म्हणजे प्रतिकारशक्ती पुन्हा चेतवणारी दुसरी मात्रा, देतात.

येथे एक गफलत फार महागात पडते.
राणीखेत, म्हणजेच मानमोडी, हा विषाणूजन्य रोग असल्याने,
त्याची लस दिलेली कोंबडी कॉलरापासून सुरक्षित ठरत नाही.
श्रोतेहो, राणीखेतची लस वेगळी, कॉलराची लस वेगळी.

लस निरोगी पक्ष्यांनाच, पशुवैद्यकाच्या सल्ल्याने द्यावी;
ती थंड ठेवावी, पण गोठू देऊ नये,
आणि टोचण्यापूर्वी बाटली नीट हलवून घ्यावी.