शब्द तोच, अर्थ निराळा

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



गणपती ही विद्येची देवता, तशीच ती लेखनिकांचीही देवता. महाभारत सांगायला बसलेल्या व्यासांना लेखनिक हवा होता. गणपतीने अट घातली की सांगणे मध्येच थांबता कामा नये. व्यासांनी उलट अट घातली की अर्थ समजल्याशिवाय काहीही लिहायचे नाही. ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो आणि पहिल्या अटीचे कौतुक करतो. आज आम्हाला दुसऱ्या अटीबद्दल बोलायचे आहे.

आम्ही म्हणजे मंडळातले काही निवृत्त इंग्रजी शिक्षक. ही टाचणे आम्ही मिळून काढली आहेत. गणपतीच्या मंडपात इंग्रजीवर भाषण कशाला, असे कुणाच्या मनात आले असेल तर त्याचे उत्तर आपल्याच घरात आहे. इंदुरातल्या मराठी घरात स्वयंपाकघरातली भाषा मराठी, बाजारातली हिंदी, आणि नोकरीच्या अर्जाची, औषधाच्या चिठ्ठीची, बँकेच्या कागदाची भाषा इंग्रजी. मुले पुण्याला, बंगळूरूला, तिथून परदेशी जातात आणि मग आपणही चार-सहा महिने त्यांच्याकडे जाऊन राहतो. तेव्हा इंग्रजी शब्द नेमका कोणत्या अर्थाने पोचतो, हा आता घरचाच प्रश्न झाला आहे.

प्रथम एक गोष्ट मान्य करून टाकू. शब्दांचे अर्थ बदलतात, आणि ते बदलणे कुणाला थांबवता आलेले नाही. इंग्रजीतला 'डिअर' हा शब्द घ्या. आज त्याचा अर्थ हरीण. जुन्या इंग्रजीत तो कोणत्याही प्राण्याला लागत असे; जर्मन भाषेत त्याचाच भाऊ शोभणारा शब्द अजूनही 'प्राणी' याच अर्थाने वापरतात. हे ऐकून हसण्याआधी आपला 'मृग' आठवा. संस्कृतात मृग म्हणजे मुळात वनातले कोणतेही जनावर. म्हणून सिंह झाला मृगेंद्र, माकड झाले शाखामृग आणि शिकार झाली मृगया. पुढे मृग म्हणजे फक्त हरीण उरले. हजारो मैलांवरच्या दोन भाषांतले दोन शब्द एकाच वाटेने चालत गेले.

'मीट' या शब्दाचेही तसेच. मुळात त्याचा अर्थ कोणतेही अन्न. पुढे तो मांसापुरता उरला. पण जुना अर्थ 'स्वीटमीट' या जोडशब्दात तगून राहिला. म्हणूनच शुद्ध तुपातली शाकाहारी मिठाई विकणाऱ्या दुकानाच्या पाटीवर 'स्वीटमीट' लिहिलेले असले तरी कुणाचा धर्म बुडत नाही. 'नाइस' हा शब्द लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ होता अडाणी, मूर्ख. मग चोखंदळ, मग काटेकोर, आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तो 'छान' झाला. 'सिली' नेमका उलट दिशेने गेला. जुन्या इंग्रजीत तो होता भाग्यवान, धन्य. त्यातून भोळा, मग बिचारा आणि शेवटी बावळट. आपल्याकडेही 'भोळा' म्हणताना तोंडात कौतुक आहे की कीव, हे ऐकणाऱ्याला स्वरावरूनच ओळखावे लागते.

'ऑफुल' आणि 'ऑसम' हे दोन शब्द तर एकाच धातूचे. दोघांच्या पोटात आदरयुक्त भीती आहे. एक बिघडून 'फार वाईट' झाला, दुसरा नातवंडांच्या तोंडी 'फार छान' झाला. यात इंग्रजांनाच दोष द्यायला नको. 'पुरणपोळी भयंकर आवडली' असे आपणही म्हणतोच, आणि ती वाढणारीला त्यात भय दिसत नाही.

डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांनी 1755 साली आपला प्रसिद्ध इंग्रजी कोश प्रसिद्ध केला. भाषा एकदाची स्थिर करून टाकावी अशी आशा काम सुरू करताना त्यांना होती. प्रस्तावनेत मात्र त्यांनी मोकळेपणाने लिहिले की ही आशा व्यर्थ होती. इतक्या मोठ्या माणसाला जे जमले नाही, ते चुका दाखवत फिरून आपल्याला जमेल असे समजू नये.

मग चूक म्हणजे काय? चूक आणि बदल यांतला फरक बहुतेक वेळा वयाचाच असतो. कालची चूक सर्वांनी केली की आजचा रिवाज होतो. 'डेसिमेट' या शब्दात लॅटिनमधला 'दहा' आहे. बंड करणाऱ्या रोमन तुकडीला शिक्षा म्हणून चिठ्ठ्या टाकून दर दहातल्या एकाला ठार करीत. आज तो शब्द 'जवळजवळ सगळे नष्ट करणे' या अर्थाने वापरतात, म्हणजे हिशेब पार उलटा झाला. पण आजचा वाचक तोच अर्थ घेतो, त्यामुळे कुणाची फसगत होत नाही.

'लिटरली' या शब्दावरून अनेकांचे रक्त तापते. 'मी लिटरली मेले' असे हसत-हसत सांगणारी मुलगी समोर धडधाकट उभी असते! पण चार्ल्स डिकन्स आणि मार्क ट्वेन यांनीही हा शब्द असा सैल वापरला आहे, आणि ऑक्सफर्डच्या कोशाने हा वापर नोंदवून घेतला आहे. आपला 'अक्षरशः' याच पंगतीला बसलेला. 'अक्षरशः जीव गेला' म्हणणाऱ्याचा जीव कधी जात नाही.

एक फरक मात्र आम्ही वर्गात आग्रहाने शिकवीत आलो आणि आजही शिकवू. 'डिसइंटरेस्टेड' म्हणजे ज्याचा स्वतःचा स्वार्थ गुंतलेला नाही असा, निःपक्षपाती. 'अनइंटरेस्टेड' म्हणजे ज्याला रस नाही असा. इतिहास पाहिला तर हे दोन शब्द पूर्वीही एकमेकांच्या जागी बसलेले दिसतात. तरी हा भेद राखावासा वाटतो, कारण तो उपयोगी आहे. न्यायाधीश पहिल्या प्रकारचा हवा, दुसऱ्या प्रकारचा नको. स्पर्धेच्या परीक्षकाचेही तेच. आपल्या आरास स्पर्धेच्या परीक्षकांनी गैरसमज करून घेऊ नये!

सत्कार-समारंभात ऐकू येणारा 'फुलसम प्रेझ' हाही असाच जपून वापरण्याचा शब्दप्रयोग. मुळात 'फुलसम' म्हणजे भरपूर. मग त्याचा अर्थ झाला अती, किळस यावी इतका. आता काही लोक पुन्हा 'भरपूर' या अर्थाने तो वापरतात. पाहुण्यांच्या मानपत्रात तो घातला, तर पाहुणे कोणत्या काळातला अर्थ घेतील हे सांगता येत नाही. असा डळमळीत शब्द टाळावा हे बरे.

आता आपल्या इंग्रजीकडे येऊ. भारतीय इंग्रजीला हसण्याची फॅशन आहे. ती आम्हाला मान्य नाही. 'आउट ऑफ स्टेशन' हा प्रयोग पाहा. कंपनी सरकारचा अधिकारी जिथे नेमलेला असे ते त्याचे 'स्टेशन'. आगगाडी त्यानंतरची. आपल्या शेजारी महूला 1818 च्या मंदसौरच्या तहानंतर इंग्रजांची छावणी पडली. असल्या ठाण्यांतली ही भाषा. साहेब गेला, त्याच्या देशात तो प्रयोग विसरला गेला, आपल्या रजेच्या अर्जात टिकला. 'प्रीपोन' हा तर आपल्या गरजेतून झालेला शब्द. बैठक पुढे ढकलायला शब्द आहे, मग अलीकडे आणायला का नसावा? तो आता इंग्रजी कोशांतही आहे.

पण शब्द चांगला असणे वेगळे आणि तो समोरच्याला कळणे वेगळे. 'मी 2015 साली पास आउट झालो' असे आपला मुलगा मुलाखतीत सांगतो. त्याच्या मनात पदवी असते. लष्करी अकादमीची 'पासिंग आउट परेड' आपल्या ओळखीची असते. अमेरिकन माणसाला मात्र तो त्या साली बेशुद्ध पडल्याचे ऐकू येते. 'आय हॅव अ डाऊट' हे आपल्या 'मला एक शंका आहे' याचे भाषांतर. आपली शंका नम्र असते, ती शिष्याने गुरूला विचारायची. इंग्रजी 'डाऊट' मध्ये अविश्वास आहे. परदेशी प्राध्यापकाला वाटते, या मुलाला माझे म्हणणे पटलेले नाही. लग्नाच्या जाहिरातीतली 'होमली' मुलगी आपल्याकडे घर सांभाळणारी, मायाळू. ब्रिटनमध्ये त्या शब्दात घरगुती ऊब आहे. अमेरिकेत मात्र त्याचा अर्थ दिसायला बेताची. होणाऱ्या अमेरिकन व्याह्यांना सुनेचे कौतुक सांगताना हा शब्द वापरला तर काय होईल ते सांगायला नको.

काही ठिकाणी मात्र प्रकरण हसण्यावारी नेता येत नाही. 'इनफ्लेमेबल' या शब्दातल्या 'इन' मुळे काहींना वाटते की याचा अर्थ न पेटणारा. खरा अर्थ आहे सहज पेट घेणारा. हा घोळ जिवावर बेतू शकतो म्हणून अग्निसुरक्षेचे काम करणाऱ्यांनी 'फ्लेमेबल' हा सुटसुटीत शब्द पुढे आणला. आपल्या टँकरांच्या पाठीवर अजून बरेचदा जुनाच शब्द दिसतो. त्याचा अर्थ मुलांना सांगून ठेवा.

'बायवीकली' म्हणजे आठवड्यातून दोनदा, आणि दोन आठवड्यांतून एकदाही. कोशात दोन्ही अर्थ आहेत. औषधाच्या बाबतीत हा चौपट फरक आहे. तेव्हा हा शब्द दिसला की विचारून घ्या आणि वार लिहून ठेवा. 'सँक्शन' म्हणजे मंजुरी आणि 'सँक्शन' म्हणजे निर्बंधही. बँकेने कर्ज 'सँक्शन' केले तर पेढे वाटावेत, एखाद्या देशावर 'सँक्शन' लागले तर तिथला व्यापार बंद. 'बिलियन' ची कथा तर हजारपटीची. अमेरिकेत तो शंभर कोटींचा, म्हणजे आपला अब्ज. ब्रिटनमध्ये पूर्वी तो दशलक्ष गुणिले दशलक्ष, म्हणजे एक लाख कोटींचा होता. 1974 साली ब्रिटिश सरकारने अमेरिकन हिशेब स्वीकारला. त्याआधीचे इंग्रजी पुस्तक वाचताना हे ध्यानात ठेवावे लागते.

मोठ्यांचीही यातून सुटका झालेली नाही. चर्चिल यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या आपल्या इतिहासात एक प्रसंग नोंदवला आहे. एक विषय लगेच चर्चेला घ्यावा या अर्थाने ब्रिटिश अधिकारी तो 'टेबल' करा म्हणत होते. अमेरिकन इंग्रजीत 'टेबल करणे' म्हणजे विषय बाजूला ठेवणे. दोन्ही बाजूंना एकच गोष्ट हवी होती, तरी बराच वेळ कडाक्याचा वाद झाला.

आपल्या वडीलधाऱ्यांसाठी एक कळकळीची सूचना. 'मला बीपी आहे', 'मला शुगर आहे' असे आपण बोलतो. इथल्या डॉक्टरांना ते समजते. परदेशात रुग्णवाहिका बोलावताना 'आय हॅव बीपी' म्हटले तर पलीकडचा माणूस बुचकळ्यात पडेल, कारण रक्तदाब तर प्रत्येकालाच असतो. वाढला आहे की उतरला आहे, गोळी कोणती चालू आहे, हे त्या दोन मिनिटांत कळायला हवे. एका चिठ्ठीवर आजाराचे पूर्ण नाव आणि औषधे लिहून पाकिटात ठेवा. इंग्रजी सफाईदार नसले तरी चालेल, चिठ्ठी स्पष्ट हवी.

आणखी एक शब्द आम्हाला खुपतो, तो 'इव्ह-टीझिंग'. हा खास आपल्याकडचा. 'टीझिंग' म्हणजे थट्टा, आणि 'इव्ह' म्हणजे बायबलमधली पहिली स्त्री. रस्त्यात मुलीचा पाठलाग करणे, तिला हात लावणे, या गुन्ह्याला आपण थट्टेचे नाव दिले. शब्द हलका झाला की गुन्हाही हलका वाटू लागतो, आणि तक्रार करणारी मुलगीच 'जरा जास्त मनाला लावून घेते' असे ठरते. 2013 साली भारतीय दंड संहितेत जी दुरुस्ती झाली तिने 'लैंगिक छळ' असे स्पष्ट नाव घातले. घरातही आपण तेच नाव वापरावे. मागच्या सगळ्या उदाहरणांत अर्थ नकळत हरवतो; इथे तो सोयीसाठी लपवला जातो, म्हणून ही चूक आम्हाला सर्वांत मोठी वाटते.

जाता जाता, आपले शब्दही तिकडे जाऊन बदलले आहेत. मराठी 'मुंगूस' इंग्रजीत 'मंगूस' झाले. कर्नल स्लीमन यांनी 1830 च्या दशकात जबलपूरला बसून ठगांविरुद्ध मोहीम चालवली, आणि 'ठग' इंग्रजीत गेला. आपला ठग गोड बोलून फसवतो, त्यांचा 'थग' सरळ मारहाण करतो. पुरीचा जगन्नाथ 'जगरनॉट' झाला आणि ब्रिटनमधल्या रस्त्यावर अजस्र मालट्रकचे नाव बनून धावू लागला.

तर मग आपण करायचे काय? आम्ही तीनच गोष्टी सांगू. बोलताना शब्द आपल्याला काय वाटतो यापेक्षा ऐकणाऱ्याला काय वाटेल याचा विचार करावा. पैसा, औषध, आग आणि कायदा यांच्याजवळ दुहेरी अर्थाचा शब्द ठेवू नये. आणि दुसऱ्याची चूक काढण्याआधी कोश उघडावा; निम्म्या वेळा त्याचेही बरोबर निघते.

हे आपल्याला इतरांपेक्षा सोपे जावे, कारण दोन भाषांच्या सीमेवर आपण रोजच राहतो. शाळेच्या पाटीवर 'शिक्षा' वाचून घाबरायचे नसते, हे इथले मराठी मूल पहिलीतच शिकते. शेजारच्या काकींनी 'चेष्टा करो' म्हटले तर त्या प्रयत्न करायला सांगत आहेत, थट्टा करायला नव्हे, हेही त्याला कळते. हीच सावधगिरी इंग्रजीत न्यायची, एवढेच.

मराठी पत्राच्या शेवटी लिहितात तेच म्हणून थांबतो, आणि हिंदीभाषक मित्रांनी त्याचा मराठी अर्थच घ्यावा अशी विनंती करतो: लोभ असावा.

गणपती बाप्पा मोरया!