सल्ला देणारे आणि सही करणारे



कारखान्यात वर्क्स कमिटी असते. तीत मालकाची माणसे आणि कामगारांची माणसे समोरासमोर बसतात, चर्चा होते; पण तिचे म्हणणे मानण्याचे बंधन मालकावर नसते. म्हणून तिला 'चहाबिस्किटांची कमिटी' म्हणणारे पुष्कळ. दिल्लीच्या राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार मंडळाविषयीही असेच बोलले जाते. मला ते पटत नाही.

मे १९९८ मध्ये पोखरणला स्फोट झाले. त्याच वर्षी पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय सुरक्षा परिषद निघाली आणि तिला जोडून सरकारबाहेरच्या जाणकारांचे हे मंडळ नेमले. निवृत्त सेनाधिकारी, राजदूत, शास्त्रज्ञ, अभ्यासक, के. सुब्रह्मण्यम निमंत्रक. त्यांनी अण्वस्त्रधोरणाचा मसुदा लिहिला आणि तो १७ ऑगस्ट १९९९ला लोकांपुढे आला. हा केवळ मसुदा आहे, सरकारने स्वीकारलेले धोरण नव्हे, असे तेव्हा सांगण्यात आले.

आता पुढची गंमत पाहा. ४ जानेवारी २००३ला मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीने धोरण जाहीर केले. दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचा. आपण अण्वस्त्र प्रथम वापरायचे नाही, पण कोणी वापरलेच तर त्याला न सोसणारा प्रतिटोला द्यायचा, हा कणा मसुद्यातलाच. सरकारने भर घातली ती अशी: रासायनिक वा जैविक अस्त्रांनी मोठा हल्ला झाला तर अण्वस्त्राची मुभा राखली, आणि प्रतिटोला 'प्रचंड' असेल असे म्हटले. लेखणी मंडळाची, सही सरकारची! पहिला मसुदा ज्याचा, त्याच्याच चौकटीत पुढचे भांडण होते; वाटाघाटीला बसलेल्या युनियनवाल्याला हे सांगावे लागत नाही.

सगळ्याच सल्ल्यांचे नशीब असे नसते. कारगिलच्या युद्धानंतर मंत्र्यांच्या गटाने २००१ साली शिफारस केली, की तिन्ही सैन्यदलांचा मिळून एक प्रमुख नेमावा. पहिला प्रमुख कामावर आला १ जानेवारी २०२०ला. आणि ही तर मंत्र्यांचीच शिफारस!

माझी तक्रार निराळी आहे. १९९९चा मसुदा छापला गेला, म्हणून त्यावर वाद तरी झाला. २००३ साली मात्र निर्णयाचा गोषवारा तेवढा निघाला. बदल का केले, याची कारणे त्यात नव्हती. बंदूक कुठे ठेवली आहे हे चव्हाट्यावर सांगू नये, हे मलाही कळते. पण ती केव्हा उचलायची, हा प्रश्न तुमच्याआमच्या मुलाबाळांच्या जिवाचा आहे. ठरावीक वर्षे उलटली की या मंडळांचे सल्ले संसदेपुढे ठेवावेत, एवढेच माझे मागणे. कारगिल समितीचा अहवाल काही भाग गाळून फेब्रुवारी २००० मध्ये संसदेपुढे ठेवलाच होता की!