त्रेपन्न वर्षांचा उपवास

खेळ म्हटला कीं दोहोंपैकीं एकानें हरावयाचें, हें ठरलेलेंच आहे. परंतु तीच हार बापाच्या वाट्यास यावी, आणि पुढें मुलाच्याही वाट्यास यावी, तेव्हां माणसें आपल्या संघाशीं किती काळ एकनिष्ठ राहतात? आयर्लंडांतील एका फुटबॉल-संघाच्या इतिहासांत या प्रश्नाचें उत्तर सांपडतें.

डब्लिन शहराच्या पश्चिमेस इंचिकोर नांवाचा भाग आहे. आगगाडीच्या मोठ्या कारखान्याभोंवतीं वाढलेली ही कामकरी वस्ती. तेथें १९२९ सालीं सेंट पॅट्रिक्स अॅथ्लेटिक हा संघ स्थापन झाला. रिचमंड पार्क हें त्याचें लहानसें क्रीडांगण.

आयर्लंडच्या फुटबॉल-संघटनेची करंडक-स्पर्धा १९२१-२२ पासून चालू आहे. जो एकदां हरला तो त्या वर्षापुरता बाद, असा तिचा कडक नियम. सेंट पॅट्रिक्सनें १९५९ सालीं हा करंडक जिंकला, आणि १९६१ सालीं ड्रमकाँड्राचा २-१ असा पराभव करून तो दुसऱ्यांदा मिळविला. त्यानंतर मात्र दैव जें रुसलें तें रुसलेंच!

१९६७, १९७४, १९८०, १९९६, २००३, २००६ व २०१२ अशा सात वेळां हा संघ अंतिम सामन्यापर्यंत पोंचला, आणि साती वेळां रिकाम्या हातीं परतला. १९९६ सालीं शेलबोर्नच्या गोलरक्षकास पंचानें मैदानाबाहेर काढलें आणि त्याच्या जागीं एक साधा खेळाडू उभा राहिला. तरीही सामना १-१ असा बरोबरींत सुटला, आणि फेरसामना शेलबोर्ननें जिंकला. २००६ सालीं जुन्या लॅन्सडाउन रोड मैदानावरील शेवटच्या फुटबॉल-सामन्यांत सेंट पॅट्रिक्सनें तीन वेळां आघाडी घेतली, तीन वेळां ती गमावली, आणि वाढीव वेळेंत ४-३ अशी हार पत्करली. २०१२ सालींही वाढीव वेळेंतच ३-२ असा पराभव झाला. या दोन्ही वेळचा विजेता एकच होता, डेरी सिटी.

डेरीची कथाही कांहीं सुखाची नाहीं. हें शहर उत्तर आयर्लंडांत, म्हणजे सरहद्दीपलीकडे आहे. तेथील यादवीच्या दिवसांत प्रतिपक्षांचे संघ डेरीच्या मैदानावर खेळावयास येईनात. अखेर १९७२ सालीं या संघास उत्तरेकडील स्पर्धा सोडावी लागली. तेरा वर्षें त्यास वरिष्ठ दर्जाची स्पर्धाच नव्हती. १९८५ सालीं दक्षिणेच्या संघटनेनें त्यास आपल्यांत घेतलें. तेव्हां २ नोव्हेंबर २०१४ रोजीं डब्लिनच्या नव्या अवीवा मैदानावर हे दोन संघ समोरासमोर उभे राहिले, तेव्हां सोसण्याचें शिक्षण दोघांसही सारखेंच मिळालेलें होतें.

मध्यंतरापर्यंत गोल झाला नाहीं. मध्यंतरानंतर थोड्याच वेळांत ख्रिस्ती फेगन यानें चेंडू जाळ्यांत धाडला. १-० ही आघाडी. पण आघाडीवर विश्वास कोणीं ठेवावा? २००६ सालीं अशा तीन आघाड्या वाहून गेल्या होत्या. २०१२ सालीं याच फेगननें सामना संपतां संपतां बरोबरी साधली होती, आणि तरीही करंडक डेरीस गेला होता. म्हणून उरलेला वेळ सेंट पॅट्रिक्सच्या लोकांस युगासारखा वाटला असल्यास नवल नाहीं. अखेर सामना संपण्याच्या बेतांत असतां फेगननेंच दुसरा गोल केला, आणि २-० अशा विजयानें त्रेपन्न वर्षांचा उपवास सुटला.

१९६१ सालीं दहा वर्षांचा असलेला मुलगा या दिवशीं त्रेसष्ट वर्षांचा झालेला होता. त्याच्या संघानें मधल्या काळांत राष्ट्रीय साखळी-स्पर्धा अनेकदां जिंकली, अगदीं २०१३ सालींही जिंकली. पण या एका करंडकाची रुखरुख तिनें भागली नाहीं.

पुढें २०२१ व २०२३ सालीं हाच करंडक पुन्हां रिचमंड पार्ककडे आला. त्या विजयांचा आनंद कमी होता असें नाहीं. परंतु २०१४ च्या विजयास जें मोल आलें, तें त्या सात पराभवांनीं आणून दिलेलें होतें. प्रत्येक पराभवानंतर पुढच्या हंगामांत पुन्हां मैदानावर येऊन उभे राहणारे लोक होते, म्हणूनच तो करंडक स्वीकारावयास इंचिकोरमध्यें कोणी तरी उरलेलें होतें.