त्रिकोण का हलत नाही?



विज्ञानाचं साहित्य सायकलच्या दुकानातही मिळतं, बरं का!

हे दाखवून दिलं अरविंद गुप्ता यांनी.
ते आयआयटी कानपूरचे अभियंते.
पुण्याला टेल्को कंपनीत नोकरी करायचे.
१९७८ साली त्यांनी वर्षभर रजा घेतली…
आणि मध्य प्रदेशातल्या होशंगाबादला, गावच्या शाळांमध्ये विज्ञान शिकवायच्या कामाला लागले.

तिथल्या बाजारात त्यांच्या हाती लागली सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी.
काळी… बारीक… स्वस्त.

तिचे छोटे तुकडे कापायचे.
गुल खरवडलेल्या आगकाड्या दोन्ही टोकांतून आत सरकवायच्या.
झाला सांधा तयार!

आता चार काड्यांचा चौकोन करा.
बोटानं दाबा… तो तिरपा होतो.
मग तीन काड्यांचा त्रिकोण करा.
दाबा… तो हलत नाही!

पुढे पुण्यात ‘आयुका’ या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी टाकाऊ वस्तूंतून अशी कितीतरी खेळणी घडवली.
२०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

तर बालदोस्तांनो, चौकोन हलतो, त्रिकोण हलत नाही.
आता एखाद्या कौलारू घरात जा.
छपराला आधार देणाऱ्या लाकडी सांगाड्याकडे, म्हणजे कैचीकडे, मान वर करून बघा…
आणि त्रिकोण मोजा!