पाण्याच्या हिशेबात आपली ओळ पहिली

(पारनेर तालुक्यात महिला मंडळे व बचत गटांच्या कार्यकर्त्यांसाठी झालेल्या शिबिरातील भाषण.)



'बदलते हवामान आणि गावाचे पाणी' या विषयावर मला बोलायला सांगितले आहे. विषयाचे नाव जड आहे, पण त्याचा अनुभव तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त आहे. मृग कोरडा जातो, पेरणी लांबते, आणि मग एका रात्रीत एवढा कोसळतो की बांध फुटून माती ओढ्याला लागते. काढणीला आलेली बाजरी भिजते आणि तरीही फेब्रुवारीत विहीर तळ गाठते.

शास्त्रज्ञही तेच सांगतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल व त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात एकाच वेळी मोठ्या भागावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, असे त्यात आढळले. केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचा २०२० चा अहवाल सांगतो की १९०१ ते २०१८ या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढले. म्हणजे पाऊस थोड्या दिवसांत पडून वाहून जाणार, मधले खंड वाढणार, आणि ऊन वाढले की पिकाला, जनावराला, माणसाला पाणी जास्त लागणार. आपल्या जिल्ह्यात खाली काळा कातळ आहे. पाणी साठते ते वरच्या मुरमात आणि कातळाच्या भेगांत. धो धो पडलेल्या पावसाला तिथे उतरायला सवड मिळत नाही.

यावर उपाय काय? आजवर पाण्याचे नियोजन सरासरीवर चालले. आपल्या जिल्ह्यात अकोल्याच्या घाटमाथ्यावर काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तर कर्जत, जामखेड, पारनेर पर्जन्यछायेत. या सगळ्यांची सरासरी काढून कुणाची घागर भरत नाही. आता तर एकाच गावात एक वर्ष दुसऱ्यासारखे राहिलेले नाही. त्यामुळे जाणकार सांगतात की दरवर्षी, आपल्या गावात पडलेला पाऊस मोजा, विहिरीतले पाणी मोजा आणि त्यावरून त्या वर्षाचे वाटप ठरवा. हे मला पटते. माझे म्हणणे त्याच्या पुढचे आहे. मोजमाप ज्याच्या हातात, वाटप त्याच्या हातात. म्हणून हे मोजमाप बायांच्या हातात आले पाहिजे.

आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण घेऊ. नगर तालुक्यातील हिवरे बाजार तुम्हा सर्वांना माहीत आहे. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले आणि पाणलोटाची कामे झाली. ही कामे आणखीही अनेक गावांत झाली. हिवरे बाजारचे वेगळेपण पुढच्या टप्प्यात आहे. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस-केळी लावायची नाही, असे गावाने ठरवले. पावसाळा संपला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. आधी माणसांचे व जनावरांचे पिण्याचे पाणी, मग शेतीचे, आणि पाऊस कमी असेल तर त्या वर्षी जास्त पाण्याची पिके नाहीत. हवामान बदलाला तोंड देण्याचे याहून सोपे शास्त्र नाही.

आता हा हिशेब आपणच करून पाहू. वहीत लिहून घ्या.

एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १० हजार लिटर पाणी पडले. समजा, आपले गाव १००० हेक्टरचे आहे, लोकसंख्या १००० आणि पाऊस ४०० मिलिमीटर. म्हणजे शिवारात ४०० कोटी लिटर पाणी पडले. यातले बरेचसे वाहून जाते, वाफ होते, मातीत राहून पिकाला मिळते. कातळाच्या मुलखात भूजलात उतरणारा भाग साधारण दहावा धरतात. म्हणजे ४० कोटी लिटर. दुष्काळात निम्माच पाऊस झाला तर २० कोटी.

आता खर्च. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर धरले आहेत. १००० माणसांना वर्षाला सुमारे २ कोटी लिटर लागतात. ५०० मोठी जनावरे धरली आणि प्रत्येकी ५० लिटर दिले तर आणखी सुमारे ९० लाख. म्हणजे माणसे व जनावरे मिळून ३ कोटी. दुष्काळी वर्षातही जमिनीत २० कोटी उतरले आहेत, मग टँकर का येतो?

तिसरा आकडा लिहा. पाटाने भिजवलेल्या उसाला हंगामात ढोबळमानाने २००० मिलिमीटर पाणी लागते, कित्येकदा त्याहून जास्त. एक हेक्टर ऊस म्हणजे २ कोटी लिटर. जेवढे पाणी एक हजार माणसे वर्षभर वापरतील तेवढे एक हेक्टर ऊस पितो. विहिरी-बोअरवर दहा हेक्टर ऊस उभा राहिला की दुष्काळी वर्षात जमिनीत उतरलेले सगळे पाणी संपले.

हे आकडे ढोबळ आहेत. प्रत्येक गावाची जमीन वेगळी, झिरपा वेगळा. पण त्यांतून एक गोष्ट स्पष्ट दिसते. घागरीचे पाणी आभाळ जेवढे हिरावून घेत नाही, तेवढे वाटप हिरावून घेते. हवामान बदलाने वाईट वर्षे जास्त वेळा येतील, आणि वाईट वर्षात वाटपाचा अन्याय दुप्पट बोचतो. पंपाचा मालक पाइप आणखी खोल सोडतो, बाई आणखी लांब चालते.

इथे कुणी म्हणेल, उसावर आमची मजुरी आहे. बरोबर आहे. पाथर्डी, जामखेडकडच्या कितीतरी बाया कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. पण त्या का जातात? गावात पाणी नाही, म्हणून रब्बी नाही, म्हणून काम नाही. २ कोटी लिटर पाण्यात एक हेक्टर ऊस होईल, किंवा पाच-सहा हेक्टर ज्वारी-हरभऱ्याला गरजेपुरते पाणी देता येईल. मजुरी कशात जास्त बायांना मिळेल आणि ती गावात मिळेल की परमुलखात, हा प्रश्नही ताळेबंदातच विचारायला हवा.

आता त्या ५५ लिटरकडे या. कागदावर माणशी समान वाटणी आहे. पण घरात बाळंतीण असते, अंथरुणाला खिळलेली सासू असते, पाळीचे कपडे धुवायचे असतात, दारात दोन शेळ्या असतात. उन्हाळा वाढला की जनावर जास्त पिते. हे पाणी किती, ते कुठल्याही अधिकाऱ्याने मोजलेले नाही, कारण ते आणणारीला कुणी विचारले नाही. पाण्यासाठी जाणारे तासही हिशेबात नाहीत. पंपाच्या विजेचे बिल येते. बाईच्या डोक्यावरून आलेल्या पाण्याचे बिल येत नाही, म्हणून ते फुकट धरतात.

आपण हिशेबाबाहेर का राहिलो, याचे एक कारण सातबारा आहे. २००५ च्या कायद्याने कालव्यांवर पाणी वापर संस्था आल्या. सभासद कोण? लाभक्षेत्रातील जमीनधारक. शेतात राबते बाई, सातबाऱ्यावर नाव पुरुषाचे, म्हणून सभेत बसतो तो. भूमिहीन बाईचा तर प्रश्नच येत नाही. पाणी जमिनीला बांधले की बाई आपोआप बाहेर पडते.

हे असेच असावे लागते का? नाही. शेजारच्या पुणे जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातील नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली. तिथे पाण्याचा वाटा जमिनीवर नाही, घरातल्या माणसांवर ठरला. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क मिळाला आणि उसाला पाणी नाही, असा नियम झाला. म्हणजे पाणी जमिनीपासून सोडवता येते, हे महाराष्ट्राने पन्नास वर्षांपूर्वी करून दाखवले आहे. त्याच १९७२ मध्ये दुष्काळी कामांवर खडी फोडली, पाझर तलावांची माती वाहिली ती मोठ्या संख्येने बायांनी. ज्यांच्या घामाने तलाव झाले त्यांना तलावाच्या पाण्यात वाटा नाही, हे आपण अजून किती दिवस चालवून घेणार?

पाणलोटाच्या चांगल्या कामातही एक सावधगिरी हवी. चराईबंदी केली की डोंगर हिरवा होतो, पण ज्या बाईचे पोट चार शेळ्यांवर आहे तिचे काय? संगमनेर तालुक्यातील दरेवाडीत १९९६ च्या सुमारास पाणलोटाचे काम सुरू झाले तेव्हा मेंढपाळ कुटुंबांनी हाच प्रश्न उभा केला. मग सगळे रान एकदम बंद न करता टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा मार्ग निघाला. विरोध करणारा अडाणी नसतो. त्याचा तोटा हिशेबात धरलेला नसतो.

जिल्ह्याबाहेरच्या भांडणातही हेच दिसते. जायकवाडीत साठा कमी असला की नगर-नाशिकच्या धरणांतून पाणी सोडावे लागते. २०२३ च्या ऑक्टोबरात सुमारे ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला. इकडे आंदोलन, तिकडे आंदोलन, कोर्टकचेरी. दोन्हीकडे भाषणे करणारे पुरुष, आणि दोन्हीकडे घागर घेऊन उभ्या बाया. जायकवाडीच्या काठची बाई आपली शत्रू नाही. तिचा आणि आपला प्रश्न एकच आहे: आधी पिण्याला, मग पिकाला, आणि पिकांतही आधी कोणाच्या.

संशोधनाबद्दल थोडे. राहुरीला कृषी विद्यापीठ आहे. संगमनेर-अकोल्यात पाणलोट क्षेत्रातील संस्थेने गावात हवामान केंद्रे बसवून शेतकऱ्यांना सल्ले देण्याचे काम केले आहे. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते. ही सगळी मोलाची कामे आहेत. पण सल्ल्याचा संदेश ज्या मोबाइलवर येतो तो बहुतेक घरांत पुरुषाच्या खिशात असतो, आणि निंदणी-खुरपणी करणारी बाई आभाळाकडे बघत बसते. संशोधकांना आपण सांगायला हवे की आम्हाला फक्त माहिती विचारायला येऊ नका. निष्कर्ष परत आणून आमच्या बैठकीत मराठीत वाचून दाखवा. पहिला झरा कधी आटतो, कुठल्या विहिरीचे पाणी मचूळ होते, हे आम्हाला माहीत आहे. तेही तुमच्या वहीत जाऊ द्या.

मग करायचे काय? पाच कामे सुचवते.

१. गावात पर्जन्यमापक बसवा. साधा, काचेचा चालेल. वाचन महिला मंडळाने घ्यायचे आणि रोजचा आकडा शाळेच्या नाहीतर पंचायतीच्या फळ्यावर लिहायचा. महसूल मंडळाचे यंत्र लांब असते. आपल्या शिवारात पडला का, हे आपल्याच नोंदीतून कळेल.

२. पिण्याच्या विहिरीत गाठी मारलेली दोरी सोडून दर महिन्याच्या एका ठरलेल्या तारखेला पातळी लिहा. शिवारात भूजल यंत्रणेची निरीक्षण विहीर असेल तर तिच्या नोंदी ग्रामपंचायतीमार्फत मागवा. दोन-तीन वर्षांच्या नोंदी हातात असल्या की सभेत तुम्हाला कुणी 'तुम्हाला काय कळते' म्हणू शकणार नाही.

३. ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणे कायद्यानेच बंधनकारक आहे. ती बहुधा कागदावर होते. ती खरोखर भरवा. दसऱ्याच्या सुमारास पाण्याचा ताळेबंद आधी त्या सभेत मांडा, घरचे खरे पाणी मोजून पहिली ओळ लिहा आणि ठराव ग्रामसभेत न्या.

४. जलजीवनच्या गाव समितीत निम्म्या जागा बायांच्या आहेत आणि गावातल्या पाच बायांना पाणी तपासणीचे प्रशिक्षण द्यायचे आहे. ती नावे कोणाची, प्रशिक्षण झाले का, संच कुठे आहे, हे विचारा. सार्वजनिक पिण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घेता येत नाही, असे १९९३ च्या कायद्याने ठरले. पुढे २००९ चा भूजल कायदा आला, त्यातही पिण्याच्या स्रोताला संरक्षण आहे. बोअरची गाडी गावात आली की आधी अंतर मोजा.

५. सातबारा सोडू नका. १९९२ च्या लक्ष्मी मुक्ती योजनेने नवऱ्याच्या हयातीत बायकोचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येते. तलाठ्याकडे एकटीने जाऊ नका, दहाजणी मिळून जा. पण तेवढ्यावर थांबू नका. भूमिहीन बहिणीचा वाटा माणूस म्हणून आहे, ही मागणी पुढे ठेवा.

या कामाला विरोध होईल. पर्जन्यमापकाला कुणी विरोध करणार नाही. विरोध होईल तो फळ्यावरचा आकडा ग्रामसभेत वाचला जाईल तेव्हा. त्या दिवशी आकडा वाचणारी एकटी उभी राहता कामा नये. तिच्या मागे सगळे मंडळ हवे. परित्यक्तेच्या पोटगीसाठी, दारूबंदीसाठी आपण अशाच उभ्या राहिलो आहोत.

२०२४ साली आपल्या जिल्ह्याला अहिल्यानगर हे नाव मिळाले. जामखेड तालुक्यातील चौंडीत जन्मलेल्या अहिल्याबाईंनी देशभर विहिरी, बारवा, घाट बांधले. पाण्याचा कारभार बाईच्या हातात कसा असतो, हे या जिल्ह्याला सांगायची गरज पडू नये. पाटीवर तिचे नाव लागले आहे. आता पाण्याच्या वहीत आपल्या हाताचे अक्षर उमटू द्या. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने आपला पावसाचा आणि विहिरीचा आकडा घेऊन यावे, एवढेच आज ठरवून उठू या.