अंतर्गत प्रश्न कोणाचा?

(कर्जत व खालापूर तालुक्यांतील कार्यकर्त्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दडपशाही करणाऱ्या सरकारला बाहेरच्या कोणी जाब विचारला की त्याचे उत्तर ठरलेले असते : हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे. १९४६ साली हेच उत्तर दक्षिण आफ्रिकेच्या स्मट्स सरकारने दिले होते. तेथील हिंदी लोकांवर लादलेल्या वर्णभेदी कायद्यांची तक्रार संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत नेली ती हिंदुस्थानने. शिष्टमंडळाच्या नेत्या होत्या विजयालक्ष्मी पंडित. सनदेतील अंतर्गत कारभाराच्या कलमाआड स्मट्स यांनी आश्रय घेतला. आमसभेने तो मान्य केला नाही. स्वतंत्र होण्यापूर्वीच या देशाने जगापुढे घेतलेली ही भूमिका आहे.

ती विसरायला तीस वर्षेही लागली नाहीत. २५ जून १९७५ ला आणीबाणी आली आणि बाहेरून होणाऱ्या टीकेत सरकारला परकीय हात दिसू लागला. शहा आयोगाच्या आकडेवारीप्रमाणे त्या काळात १,१०,८०६ माणसे मिसा आणि भारत संरक्षण नियमांखाली पकडली गेली. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बंदीप्रत्यक्षीकरणाचा मार्गही बंद केला. पाच न्यायमूर्तींपैकी एकट्या खन्ना यांनी भिन्न मत नोंदवले. जूनमध्ये जॉर्ज फर्नांडिस कलकत्त्यात पकडले गेले, तेव्हा ब्रांट, क्रायस्की, पाल्मे या युरोपातील समाजवादी नेत्यांनी त्यांच्याबद्दल दिल्लीकडे विचारणा केली. तिने जॉर्ज सुटले नाहीत. १९७७ ची निवडणूक त्यांनी तुरुंगातूनच जिंकली. परंतु कैद्यावर जगाची नजर आहे, हे त्याच्या पहारेकऱ्यांना कळले. दम्याने आजारी असलेल्या स्नेहलता रेड्डी बंगलोरच्या तुरुंगातून बाहेर आल्या त्या मृत्यूच्या दारात; २० जानेवारी १९७७ ला त्या गेल्या. आणि उरलेल्या लाखभर माणसांपैकी कितींची नावे ब्रांट यांना ठाऊक असणार?

खरा प्रश्न येथे आहे. जिनिव्हा किंवा लंडन येथे बसलेला निरीक्षक स्वतः काही पाहत नाही; कोणीतरी लिहून पाठवलेले तो पडताळतो. येथून फार दूर नसलेल्या, याच जिल्ह्यातल्या तळोजा तुरुंगात ८ ऑक्टोबर २०२० ला अटक झालेले स्टॅन स्वामी होते. कंपवातामुळे त्यांना पेला धरवत नव्हता. ५ जुलै २०२१ ला, ८४ व्या वर्षी, खटला उभा राहण्यापूर्वी ते वारले. प्रक्रिया कायद्याप्रमाणेच झाली, असे परराष्ट्र मंत्रालयाने सांगितले. संयुक्त राष्ट्रांच्या कार्यगटाने ती स्थानबद्धता मनमानी ठरवली, निर्णय मृत्यूनंतरचा. छळविरोधी करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली, अनुमोदन अद्याप नाही. नागरी हक्कांचा करार १९७९ मध्ये स्वीकारला. व्यक्तीला थेट तक्रार करू देणारा त्याचा पूरक मसुदा मात्र स्वीकारला नाही. अॅम्नेस्टीच्या भारतातील शाखेला २०२० मध्ये बँक खाती गोठल्यावर काम थांबवावे लागले.

पाश्चात्त्य सरकारांच्या प्रमाणपत्राची येथे कोणाला गरज नाही. पिनोशेला हात देणाऱ्या वॉशिंग्टनकडून लोकशाहीचे धडे घेण्याचे कारण नाही. सरकारे वेगळी आणि कैद्यांची नावे जपणाऱ्या संस्था वेगळ्या, एवढा विवेक पुरे.

कर्जत-खालापूरच्या कार्यकर्त्याला हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. दिवाळीनंतर येथल्या कातकरी वाड्यांतून कुटुंबेच्या कुटुंबे उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात. उचल फिटेपर्यंत भट्टी सोडता येत नसेल, तर कायद्याच्या भाषेत ती वेठबिगारी आहे. सक्तीच्या मजुरीविरुद्धचा आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेचा करार भारताने १९५४ साली मान्य केला आहे; तिची तज्ज्ञ समिती सरकारकडे वेठबिगारीचा हिशेब मागत आली आहे. वेठबिगार मुक्तीचा कायदा आणीबाणीतलाच, १९७६ चा, हाही इतिहासाचा एक विनोद. सरकार कागदावर उत्तर देते, आणि त्याला खोडून काढायला कागदच लागतो : मालकाचे नाव, उचलीची रक्कम, कामाला लावल्याची तारीख, मजुरी किती कापली, कोणी अडवले, पोलिसांत गेल्यावर काय झाले. मजुराच्या अंगठ्याबरोबर हे त्याच दिवशी लिहिले गेले पाहिजे. सहा महिन्यांनी आठवून लिहिलेल्याला सरकारी वकील टिकू देत नाही.

त्याच कायद्याने जिल्ह्यात आणि प्रत्येक उपविभागात दक्षता समिती असणे बंधनकारक आहे. कर्जतच्या प्रांत कचेरीत जाऊन तिचे सभासद कोण, तिची शेवटची बैठक कोणत्या तारखेला झाली आणि इतिवृत्तात किती मजुरांची नावे आहेत, एवढे तीन प्रश्न लेखी विचारावेत व पोच घ्यावी.